कोरडं बेअरिंग

मिस्त्री आणि त्याची बायको त्या कॅम्पवर पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे दार नावाची वस्तूच नव्हती. तंबू होते, तंबूला चेन होती, आणि ती चेनसुद्धा अर्ध्यावर अडकायची. मिस्त्रीने सामान खाली ठेवायच्या आधी मेणबत्तीचा तुकडा घासून ती सरळ केली. त्याचा धंदाच तो. शहरातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या. कुठे काही अडकलेलं, कुरकुरणारं दिसलं की हात आपोआप तिकडे जायचा. बायको म्हणायची, "तुम्ही मयताला गेलात तरी आधी फाटकाच्या बिजागरीला तेल घालाल."

ती घरी शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, हॉटेलांचे पडदे, शेजारणींच्या उसवलेल्या शिवणी. मूलबाळ नव्हतं, दागिन्यांचा सोस नव्हता. वर्षातून एकदा मशीनवर चादर टाकायची आणि जंगलात जायचं, एवढीच दोघांची चैन. नातेवाईक नाकं मुरडायचे. जंगलात काय बघायचं असतं? झाडंच ना? मिस्त्री त्यांना उत्तर द्यायचा नाही. ज्यांना झाडंच दिसतात त्यांना काय सांगायचं.

तिला मात्र बिबट्या बघायचा होता. पहिल्याच वर्षी तिने कॅम्पच्या म्हाताऱ्या मालकाला तोंडावर विचारलं होतं, "बिबट्या कधी दाखवणार?" म्हातारा अर्ध्या चड्डीत बसून कंदिलाची काच पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "इथे दाखवत काही नाही, बाई. दिसलं तर दिसतं."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते घरी आणलं. गिऱ्हाईक झबल्यासाठी घाई करायला लागलं की तिचं ठरलेलं उत्तर, "झालं तर होतं."

मग वर्षामागून वर्षं. हरणं दिसली, रानडुकरं दिसली, एकदा तरसाचा मागचा अर्धा भाग दिसला. बिबट्याचं काय काय मिळालं? एका वर्षी झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे. एका वर्षी वाटेवर केसाळ लेंडी, ती तिने काडीने उलटीपालटी करून बघितली आणि दिवसभर खूश राहिली. एका वर्षी तंबूमागे लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज. बिबट्या स्वतः काही आला नाही. निघताना ती दरवेळी म्हणायची, "पुढच्या वर्षी." जीप चालवणारा गोगलगाय हसायचा. त्याला गोगलगाय म्हणत कारण तो गाडी इतकी हळू हाकायचा की मुंग्यासुद्धा ओव्हरटेक करतील. "वहिनी, त्यालाही तुम्हाला बघायचं असेल. तोही बायकोला म्हणत असेल, पुढच्या वर्षी."

म्हातारा गेला आणि कॅम्प जावयाकडे आला. त्याला सगळे जावईच म्हणत, पगार घेणारेसुद्धा. जावई वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो हुशार होता. त्याने तंबू पाडून सिमेंटच्या खोल्या बांधल्या आणि आतल्या भिंतींना तंबूचं कापड चिकटवलं, म्हणजे माणूस गारेगार एसीत झोपणार आणि फोटोत मात्र तंबूत. पायवाटेवर फरशा आल्या, फरशांच्या कडेला घोट्याएवढे दिवे. प्रत्येक जीपवाल्याच्या हातात फोन आला. एकाला काही दिसलं की सगळ्यांना निरोप, आणि मग सगळ्या गाड्या धुरळा उडवत एकाच झुडपाकडे. झुडपात बिचारा एक मुंगूस, आणि समोर तोफांसारख्या लेन्सा लावून बसलेली ही मोठी माणसं. गोगलगाय हळूच पोचायचा. तोवर मुंगूसही घरी गेलेलं असायचं.

मिस्त्री दरवर्षी चिडायचा आणि दरवर्षी जायचा.

या वर्षी फाटकावर पाटी होती. बिबट्याचं मोठं चित्र आणि खाली, "दर्शन रोज संध्याकाळी." देवळात आरतीची वेळ लिहितात तसं. एरवी मिस्त्री तिथूनच परत फिरला असता. पण या वर्षीची गोष्ट वेगळी होती. बायकोचे डोळे चालले होते. आधी सुईत दोरा जाईना, मग शिवण वाकडी जायला लागली, मग डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की मधलं जाणार, कडेकडेचं राहील. आत्ताच तिला माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाकडे नजर लावावी लागत होती. "जे काही डोळे भरून बघायचं असेल ते लवकर बघून घ्या," डॉक्टर म्हणाला होता. ती दवाखान्यातून बाहेर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "बिबट्या राहिला."

म्हणून पाटी बघून मिस्त्रीच्या कपाळावर आठी आली आणि त्याच वेळी जीव भांड्यातही पडला. दोन्ही एकदम कसं झालं, ते त्याला कळेना. बायकोला पाटी वाचता आली नाही. त्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "रोज? रोज कसा येईल तो? नोकरीला आहे का?"

दुपारी ती खोलीत पडली होती आणि मिस्त्री बाहेर खुर्चीवर. तेवढ्यात झाडीतून आवाज आला. लोखंडावर लोखंड. मिस्त्री ताठ बसला. आवाज थांबला, पुन्हा आला. कोरडं बेअरिंग. त्याला सांगायची गरज नव्हती, त्याचे दात आपोआप आवळले गेले. आयुष्यभर हाच आवाज ऐकून तो लोकांच्या जिन्यांवर धावला होता. त्याने बॅगेतून ग्रीसची छोटी डबी आणि पाना काढला. सुट्टीवर येताना माणूस ग्रीस का आणतो असं विचारू नका, बायकोने विचारून विचारून हात टेकले होते.

आवाजाच्या मागे मागे तो गेला. मोठ्या झाडामागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये लोखंडी ढोलकीवर तार गुंडाळायचं हँडल, तार वर जाऊन फांदीवरच्या कप्पीवरून पलीकडे उतरलेली. कॅम्पचा खानसामा घामाघूम होऊन हँडल फिरवत होता आणि तारेच्या टोकाला बकऱ्याची आख्खी तंगडी वर चालली होती.

"हे काय?" मिस्त्री म्हणाला.

"संध्याकाळची तयारी," खानसामा म्हणाला. "आज तालीम घेतोय. काल मधेच अडकलं. दिवेलागणीला इथे बसून वर चढवायची, पलीकडे मचाणावर पाहुणे. तो येतो, फांदीवर बसतो, खातो, जातो."

"बिबट्या?"

"नाही, जावई," खानसामा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकत हसला. "बिबट्याच हो. दुसरं कोण फांदीवर बसून खाणार?"

मिस्त्रीने काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडात शिव्यासुद्धा तयार होत्या. पण हँडल पुन्हा फिरलं, तो आवाज पुन्हा दातांत गेला, आणि तो म्हणाला, "सरका. बेअरिंग कोरडं पडलंय." बोल्ट ढिले केले, गंज खरवडला, ग्रीस भरलं, फिरवून बघितलं. लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. खानसामा खूश. मिस्त्रीलाही क्षणभर बरं वाटलं. मग तो बाहेर आला आणि मधल्या वाटेवर उभा राहिला. आपण आत्ता काय केलं? ज्याच्यासाठी जावयाची गचांडी धरायची, त्यालाच तेलपाणी करून आलो?

आणि बायकोला सांगायचं की नाही? सांगितलं तर तिचा एकुलता एक बिबट्या तंगडीला बांधलेला निघणार. नाही सांगितलं तर इतक्या वर्षांच्या वाट बघण्यावर आपणच नकली माल खपवणार.

गोगलगाय जीप धूत होता. मिस्त्रीने त्याच्यावर सगळं ओकलं. "म्हाताऱ्याच्या वेळी असं नव्हतं," शेवटी तो म्हणाला. "दिसलं तर दिसतं म्हणायचा. माणूस होता तो."

गोगलगायीने फडका पिळला. "मिस्त्री, वळणापलीकडची पांढरी माती आठवते? जिथे तुम्हाला हरणं दिसायची?"

"आठवते की. दरवर्षी तिथेच असायची."

"तिथे मीठ कोण टाकायचं?"

मिस्त्री जीपला टेकला.

"मी टाकायचो. म्हातारा पोतं द्यायचा. ती हरणं काय तुमच्या पायगुणाने येत होती? उन्हाळ्यात डबक्यात पाणी कुठून यायचं? टँकरने. तुम्ही दुपारी झोपलेले असायचात."

"आणि सालीवरचे ओरखडे?"

"ते खरे होते," गोगलगाय म्हणाला. मग जरा थांबून, "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय रे?"

"म्हणजे मी नाही केले. म्हाताऱ्याचं मला माहीत नाही."

मिस्त्री खोलीकडे परतला तेव्हा त्याच्या डोक्यात नुसता कालवा झाला होता. इतकी वर्षं जे खरं म्हणून घरी नेलं त्यातलं किती पोत्यातून आलेलं? आणि मीठ चालतं तर तंगडी का चालत नाही? मीठ म्हणजे निसर्ग आणि मांस म्हणजे फसवणूक, हा हिशोब कुणी ठरवला? त्याला वाटलं आपल्याला चिडायला तरी घट्ट जागा होती, तीही पायाखालून गेली.

बायको जागी होती. "कुठे होतात?"

"असाच."

"हाताला ग्रीसचा वास येतोय," ती म्हणाली. एवढंच. त्यानेही पुढे काही सांगितलं नाही.

संध्याकाळी मचाणावर पाहुणे जमले. मऊ खुर्च्या, थंड पेयं, फोन. जावई हात बांधून उभा. मिस्त्रीच्या शेजारी एक लठ्ठ गृहस्थ बसला होता, तो स्वतःच्या बायकोला समजावत होता की काल आलेल्यांना अगदी जवळून मिळाला. मिळाला म्हणे. भाजी मिळावी तसा.

तंगडी गुपचूप वर गेली. इतकी गुपचूप की ती वर पोचल्याचं कुणाला कळलंही नाही. दिवा लागला. फांदीवर तंगडी हलत होती. बिबट्या नव्हता.

लोकांनी वाट बघितली. पेयं संपली. लठ्ठ गृहस्थाने घड्याळ बघितलं, मग जावयाकडे बघितलं, मग पुन्हा घड्याळ. जावई मिस्त्रीच्या जवळून जाताना पुटपुटला, "असं कधी होत नाही, काका. कधीच होत नाही." आणि पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "निसर्ग आहे, आपल्या हातात काय असतं." मिस्त्रीला हसू आलं.

त्याला एकदम आठवली ती चौथ्या मजल्यावरची म्हातारी. एका इमारतीची लिफ्ट त्याने अशीच गुळगुळीत करून दिली होती, आणि आठ दिवसांत म्हातारीने तक्रार केली होती. पूर्वी कुरकुर ऐकू आली की मी पिशवी उचलून दाराशी जायचे, आता लिफ्ट येते कधी आणि जाते कधी, मला पत्ताच लागत नाही.

बिबट्या मांसाच्या वासावर येत नव्हता. तो कुरकुरीवर येत होता. आणि कुरकुर मिस्त्रीने काढून टाकली होती.

बायको फांदीच्या जरा उजवीकडे, रिकाम्या अंधाराकडे बघत बसली होती. तसं बघितलं तरच तिला फांदी दिसत होती. "नाही आला ना?" ती म्हणाली. मग सवयीने तोंड उघडलं, "पुढच्या..." आणि मिटलं.

तेवढं मिस्त्रीला पुरलं. त्याने तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. तंगडी, ढोलकी, ग्रीस, मीठ, टँकर. एका दमात. सांगून झाल्यावर त्याने वाट बघितली, ती रडेल किंवा चिडेल.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"

"आवाज सहन होईना."

"मग आता परत बिघडवा."

"काय?"

"बिघडवा म्हणते. उद्या निघायचं नाही. मला बघायचाय."

"अगं, पण ते खरं नाही. कुत्र्याला घंटी वाजवून बोलावल्यासारखं आहे. म्हातारा म्हणायचा..."

"म्हातारा मीठ टाकायचा, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत." तिने पदर सारखा केला. "तुमचं तत्त्व तुमच्या डोळ्यांत ठेवा. तुमचे डोळे शाबूत आहेत, त्यांना परवडतं. माझ्याकडे वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शेडमध्ये जी सभा भरली तशी त्या जंगलात कधी भरली नसेल. जावई, खानसामा, गोगलगाय, मिस्त्री. जावयाला रात्रीच सांगून टाकलं होतं. तो आधी लाल झाला, मग पिवळा, मग हात जोडून म्हणाला, "काका, तो आवाज परत आणून द्या. खोली फुकट, जेवण फुकट." गोगलगायीने आणलेल्या रॉकेलने मिस्त्रीने बेअरिंग धुतलं. उभ्या जन्मात त्याने चालतं यंत्र जाणूनबुजून बिघडवलं नव्हतं. हातांना कळेना काय करायचं. ते आपोआप पुसायला जात, घट्ट करायला जात. शेवटी त्याने मूठभर वाळू उचलली, डोळे बाजूला फिरवले आणि आत टाकली.

खानसाम्याने हँडल फिरवलं. कर्रर्र.

"हा नाही," खानसामा म्हणाला. "तो जरा रडवा होता."

थोडी वाळू काढली. किर्र.

"बकरीसारखा होता," गोगलगाय म्हणाला.

"बकरी कशी असेल? दारासारखा होता. जुन्या दारासारखा."

"तू रोज फिरवतोस आणि तुला आठवत नाही?"

"फिरवताना मी आवाज ऐकतो होय? मी माझे खांदे मोजतो."

जावयाने तर कबूलच केलं की त्याने आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो पाहुण्यांशी बोलत असायचा. मिस्त्रीलाही आवाज आठवेना. त्याला फक्त बिघाड आठवत होता. चौघं जण वाळूच्या चिमटी टाकत आणि काढत बसले, आणि प्रत्येकाला वेगळाच बिबट्या बोलवायचा होता.

मग फरशांच्या वाटेवरून बायको आली, झाडांना हात लावत लावत. शेडच्या दाराशी उभी राहिली. "काय चाललंय तुमचं? दोनदा छोटं कुईं, आणि मग एक लांब. लांबाच्या शेवटी जरा अडखळायचं. काल मी उशीवर पडून ऐकत होते." ती खाली झाडाच्या मुळावर बसली. "फिरवा."

फिरवलं. "जाड आहे." फिरवलं. "जवळ आलं. अजून थोडी बारीक वाळू." ती मान तिरकी करून ऐकत होती, मशीन नीट चालतंय का ऐकायची तशी. मिस्त्री तिच्या सांगण्याबरहुकूम चिमूट टाकत होता. स्वतःला फसवायला निघालेल्या माणसाला इतकं नेटाने काम करताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. की ती फसतच नव्हती? मग फसत कोण होतं? बिबट्या? त्याला तर तंगडी मिळणार होती.

"हां," ती म्हणाली. "हाच."

संध्याकाळी मचाणावर पुन्हा तेच लोक, पुन्हा पेयं. लठ्ठ गृहस्थ तक्रार करायच्या तयारीनेच बसला होता. झाडामागून आवाज आला. दोन छोटे, एक लांब, शेवटी अडखळलेला. मिस्त्रीचे दात आवळले गेले. दिवा लागला.

आणि तो आला. कुठून आला ते कुणाला दिसलं नाही. आधी फांदीवर नव्हता, मग होता. तंगडीपाशी जाऊन त्याने ती पंजाने स्वतःकडे ओढली, नेमाने, कपाटातून ताट काढावं तशी. सगळे फोन एकदम वर गेले. मिस्त्रीला त्याचे खांदे दिसले, कातड्याखाली सरकणारे, आणि तो नकळत पुढे झुकला. सगळं खोटं असूनही झुकला. हा कसला न्याय? ते खांदे तरी कुणी बनवलेले नव्हते. की आता खांद्यांचाही भरवसा नाही?

बायको फांदीच्या उजवीकडे, अंधाराकडे बघत होती. पापणी लवत नव्हती.

"दिसला?" त्याने विचारलं.

"मधे भोक आहे," ती हळू म्हणाली. "भोकाभोवती बिबट्या आहे. शेपूट आहे. ठिपके आहेत. तोंड नाही. तोंड कसंय?"

मिस्त्रीने बघितलं. तोंड रक्ताने माखलेलं आणि जरा कंटाळलेलं होतं. की त्यालाच कंटाळलेलं वाटत होतं? "चांगलंय," तो म्हणाला.

"चांगलं म्हणजे काय? नीट सांगा."

"कान पुढे आहेत. डोळे अर्धे मिटलेत. जबड्याच्या एका बाजूने खातोय. दुसऱ्या बाजूचा दात दुखत असावा."

ती हसली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तरी ती हसत होती. मिस्त्रीला काहीच समजेना. तिला आनंद झालाय का? झाला असेल तर आपल्याला का होत नाही? आपल्याला वाईट वाटतंय का? मग उठून का जाववत नाही?

तंगडी संपली. बिबट्या गेला नाही. पंजे चाटले आणि फांदीवर बसूनच राहिला, शेडच्या दिशेला तोंड करून.

"गेला?" ती म्हणाली.

"नाही. बसलाय."

"कशाची वाट बघतोय?"

तेवढ्यात झाडामागे खानसाम्याने तार खाली सोडायला हँडल उलटं फिरवलं. कुईं, कुईं, आणि लांब. बिबट्या उठला, लिफ्ट आल्यावर माणसं उठतात तसा, आणि घाई न करता खोडावरून उतरून अंधारात गेला. मचाणावर टाळ्या वाजल्या. लठ्ठ गृहस्थ म्हणाला, "मिळाला एकदाचा."

जावई मिस्त्रीचा हात धरून हलवत होता, किती हलवू आणि किती नको असं त्याला झालं होतं. मिस्त्रीने हात सोडवून घेतला.

बायको अजून तिथेच बघत होती, फांदी रिकामी झाली होती तरी. थोड्या वेळाने तिने चाचपत त्याची बाही पकडली.

"उद्या वाळू थोडी कमी घाला," ती म्हणाली. "आज फार रडत होतं."

ती थट्टा करतेय की खरंच सांगतेय, हे मिस्त्रीला तिच्या आवाजावरून कळलं नाही. त्याने विचारायला तोंड उघडलं, तोवर ती उठून, कठड्याला धरून, जिना शोधायला लागली होती. तो तिच्यामागे गेला.